मोडशी, मोर्देशी आणि कुत्र्याचे मरण

मराठी घरात ‘मोडशी’ हा शब्द ऐकून कुणी घाबरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर खाण्यात काही अधिक-उणे झाले, दोन उलट्या आणि चार जुलाब झाले, की घरातले वडीलधारे माणूस म्हणते, मोडशी झाली. आणि सुंठ उगाळून देते. हाच शब्द सोळाव्या शतकात गोव्यातून युरोपच्या पुस्तकांत गेला, तेव्हा ते एका दिवसात माणूस नेणाऱ्या रोगाचे नाव होते. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्शी’ आणि ‘मोर्देशी’ केले. पुढे फ्रेंचांच्या तोंडी ते ‘मोर-द-शिएँ’ झाले, म्हणजे कुत्र्याचे मरण.

या प्रवासाचा अर्थ काय लावायचा यावर दोघांचे पटत नाही. एक आहे कोशांत आणि जुन्या प्रवासवर्णनांत रमणारा अभ्यासक. मोडशी म्हणजे पटकी, म्हणजेच कॉलरा, याबद्दल त्याच्या मनात शंका नाही. दुसरी आहे साथरोगांवर काम केलेली डॉक्टर. तिला नावांबद्दल प्रेम आहे, पण निदानाच्या बाबतीत ती नावांवर विसंबायला तयार नाही.

अभ्यासक : सुरुवात गार्सिया द ओर्तापासून करू. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, तिथल्या हकिमांशी त्याची चर्चा चाले. म्हणजे आपल्या मुलखातले रोग आणि त्यांची नावे त्याने दुरून ऐकलेली नाहीत. १५६३ मध्ये त्याचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला, आणि तोही संवादरूपात आहे. सतराव्या संवादात तो म्हणतो, आम्ही ज्याला ‘कोलेरिका पासियो’ म्हणतो त्याला इथले लोक ‘मोर्शी’ म्हणतात. तोच शब्द बिघडवून आम्ही ‘मोर्देशी’ म्हणतो. पुढचे वर्णन ऐका. आपल्या देशापेक्षा हा रोग इथे जहाल आहे. बहुधा चोवीस तासांत मारतो. दहा तासांपेक्षा जास्त न जगलेली माणसे त्याने स्वतः पाहिली, आणि फार टिकले तर चार दिवस. उलट्या, जुलाब आणि एका दिवसात मृत्यू, हे कॉलऱ्याशिवाय दुसरे काय असणार?

डॉक्टर : त्याच परिच्छेदात पुढे एक रोगी आहे, त्याला तुम्ही वगळलेत. तो वीस दिवस जगला, सारखे पित्त ओकत राहिला आणि मग मेला. ओर्ताने त्याला नियमाला अपवाद मानले. मी त्याला वेगळा रोगी मानते. वीस दिवस पित्त ओकत राहणे हे कॉलऱ्याचे चित्र नव्हे. कॉलऱ्यात शरीरातले पाणी आणि क्षार काही तासांत निघून जातात, जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होतात, त्यात पित्ताचा रंगही उरत नाही. ओर्ता प्राचीन ग्रीक वैद्य गेलनच्या परंपरेत शिकलेला. पित्त खवळल्याने होणारा एक रोग त्याच्या पुस्तकांत होता. गोव्यात त्याने उलटी-जुलाबाचे रोगी पाहिले आणि त्यांना त्या रोगाच्या कप्प्यात बसवले. ‘मोर्शी म्हणजे कोलेरिका पासियो’ हे निरीक्षण नाही, तो दोन कल्पनांचा त्याने घातलेला मेळ आहे. नासलेले मासे, विषबाधा, रक्ती आव, कॉलरा हे सगळे त्या एका नावाखाली आलेले असू शकते.

अभ्यासक : एकेकट्या रोग्याबद्दल तुमचे म्हणणे मान्य. मग साथीकडे या. गास्पार कुर्रैया हा पोर्तुगीज इतिहासकार गोव्यात राहिलेला माणूस. त्याने १५४३ च्या पावसाळ्याची हकिकत लिहिली आहे. गोव्यात जीवघेणा आजार आला, इथले लोक त्याला मोर्शी म्हणत. अंगावरच्या पोरापासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत कुणालाही त्याने सोडले नाही. दिवसाला बारा, पंधरा, वीस प्रेते येऊ लागली. चर्चच्या घंटा थांबेनात, तेव्हा लोक धास्तावू नयेत म्हणून गव्हर्नरने प्रेतामागे घंटा वाजवायलाच मनाई केली. आणि इस्पितळात या रोगाने मेलेल्या एका माणसाचे पोट वैद्यांकडून उघडवून पाहिले. काय दिसले? कोंबडीच्या पोटातल्या पिशवीएवढे आकसलेले, होरपळलेल्या कातड्यासारखे सुरकुतलेले जठर. बाकी काही नाही. कोरडे पडलेले शरीर याहून वेगळे कसे दिसेल?

डॉक्टर : कुर्रैयासमोर मी बरीचशी नमते. एका ऋतूत, एका शहरात, सगळ्या वयांत, इतक्या वेगाने मरणारी माणसे असतील तर कॉलरा हे माझे पहिले अनुमान असेल. तरीही ते अनुमानच. फिलाडेल्फियात १८४९ मध्ये कॉलऱ्याने मेलेल्या एका माणसाचे आतडे तिथल्या वैद्यकीय संग्रहालयात बरणीत जपलेले होते. २०१४ मध्ये त्यातून जंतूचे जनुक वाचून सांगता आले की तो कॉलऱ्याचा जंतू होता आणि कोणत्या जातीचा होता. गोव्यातले ते सुरकुतलेले जठर कुणी बरणीत ठेवले नाही. आपल्याकडे आहे ते एका इतिहासकाराचे वाक्य.

इथे थोडे थांबले पाहिजे. १८१७ च्या ऑगस्टमध्ये बंगालमधल्या जेसोरला कॉलऱ्याची साथ उसळली, त्या वर्षाअखेर ती बुंदेलखंडात गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत पोचली, १८१८ मध्ये दख्खन ओलांडून मुंबईत आली आणि पुढच्या काही वर्षांत जगभर पसरली. तेव्हापासून वैद्यकापुढे एक वाद उभा आहे: हा नवा रोग होता, की जुनाच रोग नव्या वाटा शोधत निघाला होता? कलकत्त्यात काम केलेल्या जॉन मॅकफर्सन या डॉक्टरने १८७२ मध्ये एक अख्खे पुस्तक १८१७ पूर्वीच्या कॉलऱ्यावर लिहिले. त्याच्या पुराव्यांत मोर्देशीला मानाचे स्थान आहे. म्हणजे एका शब्दाच्या व्युत्पत्तीवर एका रोगाचे वय ठरवले जात होते. वाद कोशापुरता उरत नाही तो यामुळे.

अभ्यासक : मग शब्दच तपासू. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात मोर्देशीचे मूळ कोकणी-मराठी मोडशीत दाखवले आणि मोडशीचे मूळ ‘मोडणे’ या धातूत. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ताप येण्याआधी अंग मोडून येते. आजाराने माणूस मोडतो. कॉलऱ्याचा रोगी पाहिलेला कुणीही हेच सांगेल: डोळे खोल जातात, बोटांची कातडी सुरकुतते, पिंढऱ्यांत वांब येतात, धडधाकट माणूस संध्याकाळपर्यंत मोडून पडतो. उच्चाराची अडचण मला अडचण वाटत नाही. आपला ‘ड’ पोर्तुगीज कानाला धड ‘र’ही नाही, धड ‘द’ही नाही. म्हणून एकदा मोर्शी, एकदा मोर्देशी. ओर्ताला जे रूप बिघडलेले वाटले त्यात खरे म्हणजे आपला ‘ड’ जास्त शिल्लक आहे.

डॉक्टर : ऐकायला पटते, आणि नेमक्या त्याच कारणाने मी सावध होते. फ्रेंचांनाही असेच पटले होते. १७०२ च्या सुमारास एका जेसुइट पत्रात लिहिले आहे की हिंदुस्थानात ज्या भयंकर अजीर्णाला मोर्देशी म्हणतात त्याला आमच्यातले काही जण ‘मोर-द-शिएँ’ म्हणतात. पुढे इंग्रज सैन्यातल्या डॉक्टरांनी तो शब्द तसाच उचलला. १७७४ मध्ये मद्रासेहून लिहिलेल्या पत्रात तो आहे, १७८२ च्या आरमारी साथीच्या वर्णनात तो आहे. शब्दाचे रूप बदलले की त्याचे स्पष्टीकरणही त्याच्यामागे येते: माणूस कुत्र्यासारखा तडफडून मरतो, म्हणून हे नाव. रोगाशी ते अगदी जुळते आणि साफ खोटे आहे. मग मोडशी म्हणजे मोडून टाकणारी हे जुळते, एवढ्यावर ते खरे कसे मानायचे? उद्या कुणी म्हणेल पटकी म्हणजे पटकन नेणारी. रोग जितका भयंकर तितकी कोणतीही व्युत्पत्ती त्याला शोभते.

अभ्यासक : फरक आहे. कुत्रा फ्रेंच कानाने घातला, ‘मोडणे’ मात्र शब्दाच्या घरातलेच आहे. पण क्षणभर व्युत्पत्ती बाजूला ठेवतो. तुम्ही म्हणता ओर्ताने आपल्या रोग्यांना पित्ताच्या कप्प्यात बसवले. मग सांगा, तुम्ही आज जे नाव शास्त्रीय म्हणून वापरता ते कुठून आले? ‘कॉलरा’ हा ग्रीक शब्द, आणि त्याचा संबंध पित्ताशीच लावला जातो. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेपासून युरोपात उन्हाळ्यात होणाऱ्या उलटी-जुलाबाला हे नाव होते. इंग्रज वैद्य सिडनहॅमने लंडनमध्ये १६६९ साली पाहिलेला कॉलराही तसलाच. १८१७ नंतर ज्या रोगात पित्त दिसतही नाही त्याला हे पित्ताचे नाव चिकटले. मग युरोपला आपला जुना घरचा कॉलरा आणि हा नवा ‘एशियाटिक कॉलरा’ असे दोन वेगळे करावे लागले. आणि नावाने माणसे मारली, डॉक्टर. पित्त येत नाही, म्हणजे यकृत अडले आहे, असे समजून रोग्यांना पाऱ्याचे कॅलोमेल दिले गेले. पाण्यावाचून मरणाऱ्या माणसाचे रक्त काढले गेले. मोडशी या शब्दात असली कोणतीही चुकीची उपपत्ती नाही. त्यात दिसते ते एवढेच की माणूस मोडला.

डॉक्टर : कॅलोमेलबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे, आणि ते वैद्यकाच्या इतिहासातले लाजिरवाणे पान आहे. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथला टॉमस लॅटा या डॉक्टरने रोग्याच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडून मरणाऱ्यांना उठवून बसवले होते. ओशॉनेसी या डॉक्टरने रक्त तपासून दाखवले होते की त्यातले पाणी आणि क्षार गेलेले आहेत. तरी हा उपचार रुळायला कित्येक दशके गेली. याचे सगळे खापर एका नावावर फोडता येणार नाही, पण नावाचा वाटा होता हे मी मान्य करते. आणि ओर्ताचे एक वाक्य तुम्ही अजून वापरलेले नाही, ते मीच तुम्हाला देते. या रोग्यांना इथले लोक तांदूळ पिळून काढलेले पाणी मिरी-जिरे घालून पाजतात आणि त्याला कांजी म्हणतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. पुढे तांदळाच्या पिठाची जलसंजीवनीही कॉलऱ्यात गुणकारी ठरली. त्या कांजीशी याचा थेट धागा मी जोडणार नाही. पण तहानलेल्या रोग्याला पाजत राहणे हे रक्त काढण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे होते.

अभ्यासक : मग शब्दाचे श्रेय?

डॉक्टर : शब्दाला श्रेय नाही. कारण त्याच मोर्देशीवर रोग्याच्या टाचेला तापलेल्या लोखंडाने डाग देण्याचा इलाजही होता. ओर्तानेही डाग देण्याचे लिहिले आहे, आणि शंभर वर्षांनी दलाँ या फ्रेंच वैद्यानेही. नाव निर्दोष होते, तरी डाग चुकला नाही. उलटेही घडते. जेसोरच्या साथीत रॉबर्ट टायटलर या डॉक्टरने रोगाचा दोष नव्या तांदळावर टाकला आणि रोगाला लॅटिनमध्ये ‘तांदळाचा रोग’ असे नावच देऊन टाकले. ते नाव टिकले नाही हे बंगालचे भाग्य. कारण सांगणारे नाव चुकले तर घातक, आणि दिसलेले सांगणारे नाव निरुपद्रवी, पण त्यात काहीही मावते. मला जंतूचे नाव हवे ते यासाठी.

अभ्यासक : जंतूचे नाव तरी स्थिर आहे का? सिनाईतल्या एल् तोर इथे हजच्या यात्रेकरूंचा विलगीकरण तळ होता. तिथे १९०५ मध्ये एक जंतू सापडला. कॉलऱ्यासारखाच, पण थोडा वेगळा. पुढची पन्नासहून अधिक वर्षे त्याच्या रोगाला कॉलरा म्हणायचे की नाही यावर तुमच्या शास्त्रातच मतभेद होते. ‘पॅराकॉलरा’ असे आडनावही दिले होते. १९६१ मध्ये सेलेबीजमधून त्याच जंतूची जागतिक साथ निघाली आणि १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला कॉलरा म्हणून जागा मिळाली. ज्याला १९६० मध्ये ते जुलाब झाले त्याला काय झाले होते? आणि १९९२ मध्ये मद्रासला आणखी एक नवा प्रकार निघाला, तेव्हा व्याख्या पुन्हा रुंदावली. तुमचेही कुंपण सरकतेच. मग साडेचारशे वर्षांपूर्वीच्या गोवेकराने आपले कुंपण जरा मोठे घातले, तर त्याच्यावर एवढा अविश्वास का?

डॉक्टर : कारण आमचे कुंपण सरकले की कुठून कुठे सरकले ते लिहिलेले असते. मोडशीचे तसे नाही. आणि या जुन्या नावांवर विसंबण्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला मनापासून सलते. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने गंगेचा त्रिभुज प्रदेश हे कॉलऱ्याचे माहेर ठरवले. त्यानंतर हजला जाणारे यात्रेकरू, पंढरपूरचे वारकरी, हरिद्वारचे मेळे हे जगाला रोग पोचवणारे म्हणून मोजले जाऊ लागले. सैन्याच्या आणि व्यापाराच्या हालचालींवर तेवढी नजर नव्हती. अशा वेळी ‘हा रोग हिंदुस्थानात अनादि काळापासून आहे, पाहा, त्यांच्याकडे त्याचे नावही आहे’ हे विधान कुणाच्या उपयोगी पडते याचा विचार करा. आज जागतिक आरोग्य संघटना रोगाला देशाचे किंवा गावाचे नाव देऊ नका म्हणते, २०१५ पासून तसे संकेतच आहेत. तुम्ही अभिमानाने सांगता की मराठी-कोकणीत कॉलऱ्याचे जुने नाव आहे. ऐकणारा त्यातून उचलतो की कॉलरा मराठी-कोकणी मुलखाचा आहे.

अभ्यासक : हे मला लागले, आणि लागायला हवे होते. तरी उलट बाजूही पाहा. १८१७ पूर्वीचे सगळे पुसून रोग जेसोरला आकाशातून पडला असे मानले, तर त्याआधी मेलेली माणसे इतिहासातूनच जातात. त्यांच्या भाषेत त्यांच्या मरणाला शब्द होता. परकीयाने तो चुकीच्या कानाने का होईना, टिपून ठेवला. सुश्रुतसंहितेत ‘विसूचिका’ आहे, तिचा संबंध सुया टोचल्यासारख्या वेदनेशी लावलेला आहे. त्या मृतांबद्दल आपल्याकडे शब्दांशिवाय काही शिल्लक नसेल, तर शब्द टाकून देऊन काय हातात राहते?

डॉक्टर : विसूचिकेचे उदाहरण तुम्हीच काढलेत हे बरे झाले. सुश्रुताने तिचा उगम अजीर्णातच दाखवला आहे. दलाँ मोर्देशीला अजीर्णच म्हणतो आणि ते फार आढळते असेही सांगतो. ते जेसुइट पत्रही अजीर्ण म्हणते. आणि आजची मोडशी अजीर्णच आहे. आता मला एका गोष्टीचे उत्तर द्या. शब्द परदेशी गेला तो मरण होऊन, आणि ज्या घरातून गेला त्या घरात तो सुंठेने बरा होणारा आजार आहे. असे का?

या प्रश्नावर अभ्यासकाचे पहिले उत्तर तयार होते आणि तेही वजनदार आहे. त्याच्या मते १८१८ नंतर मराठी मुलखात मरणाची नावे दुसरी झाली. पटकी आली, वाखा आला, महामारी आली. गावोगाव मरीआईचा गाडा शिवेबाहेर ओढून नेला जाऊ लागला. शिव्याशापांतही पटकी आणि वाखाच बसले. इतक्या मोठ्या भीतीला ताजे नाव लागते. ते मिळाल्यावर जुन्या मोडशीतला मृत्यू निघून गेला आणि किरकोळ आजार मागे उरला.

डॉक्टरचे उत्तर नेमके उलट आहे. तिच्या मते मोडशी कधी क्षीण झालीच नाही. ती पहिल्यापासून रुंद होती. उन्हाळी पोटदुखीपासून एका दिवसातल्या मृत्यूपर्यंत सगळे तिच्यात मावत होते. पोर्तुगीज वैद्याला मात्र बोलावणे यायचे ते माणूस शेवटच्या घटकेला पोचल्यावर. त्याने शब्द ऐकला तो मरणाच्या खाटेपाशी, म्हणून त्याच्या पुस्तकात शब्दाचा तेवढाच अर्थ गेला. घरोघरी जी मोडशी सुंठेने उतरत होती तिची नोंद ठेवायला तिथे ओर्ता नव्हता.

अभ्यासक : तुमचे खरे मानले तर माझी व्युत्पत्ती जास्तच मजबूत होते. ‘अंग मोडणे’ किरकोळ आजारालाही लागू आहे.

डॉक्टर : हो, आणि तुमचा कॉलरा तितकाच कच्चा होतो. रुंद नावावरून अरुंद निदान काढता येत नाही.

अभ्यासक : मग १५४३?

डॉक्टर : १५४३ ला मी कॉलरा म्हणेन, पण ते घंटांमुळे आणि त्या उघडलेल्या पोटामुळे. मोर्शी या शब्दामुळे नाही. तो शब्द तिथे नसता तरी मी तेच म्हटले असते. आणि तो शब्द आहे म्हणून १५६३ च्या ग्रंथातल्या प्रत्येक रोग्याला कॉलरा म्हणणार नाही.

इथे दोघांतला फरक बारीक झाला आहे, मिटलेला नाही. अभ्यासकाला आता जुने मराठी आणि कोकणी कागद हवे आहेत, १८१७ च्या आधीचे: ज्यांत कुणाला मोडशी झाल्याचे लिहिले आहे आणि पुढे तो माणूस वाचला की गेला तेही लिहिले आहे. असे पुरेसे उल्लेख मिळाले तर शब्द रुंद होता की नंतर क्षीण झाला हे ठरेल, असे त्याला वाटते. डॉक्टर म्हणते, एकट्यादुकट्याच्या मरणाने तिचे समाधान होणार नाही. तिला एका गावात, एका पाणवठ्याभोवती, काही दिवसांत गेलेली पुष्कळ माणसे दिसायला हवीत. त्यावर अभ्यासकाचे म्हणणे असे की दप्तरात नावानिशी मरतात ते सरदार आणि कारकून. पाणवठ्याच्या खालच्या अंगाला राहणारे आधी मरत असतील, तर त्यांचे मरण कोणत्या दप्तरात शोधायचे? आणि डॉक्टर त्यात भर घालते की कुर्रैयाचे बारा, पंधरा, वीस हे आकडेही चर्चमध्ये आणलेल्या प्रेतांचे आहेत. ज्यांच्यामागे घंटा वाजतच नव्हती त्या गोवेकरांना त्या पावसाळ्यात कुणी मोजले होते का, हे दोघांपैकी कुणालाही सांगता येत नाही.